जपानी बरोबर, इंग्रजी चूक, हार्ट गेलं ते गेलंच

अर्धवट_सेन्सेई:
डिसेंबरात जेएलपीटीची (जपानी भाषेची परीक्षा) एनफाइव्ह, म्हणजे सगळ्यात सोपी पातळी, द्यायचीय म्हणून चार महिने रोज एका ॲपवर बसतोय (नाव घेत नाही, उगाच फॅन मंडळी अंगावर येतील). काल वाक्य आलं 'किनो एइगा ओ मिमाशिता', इंग्रजीत लिहा. आता यात मराठी माणसाला अवघड काय आहे, काल सिनेमा बघितला, क्रमसुद्धा तोच, आणि कोणी बघितला ते दोन्हीकडे सांगितलेलंच नाही. घाईत लिहिलं 'येस्टरडे आय सॉ मूव्ही'. लाल पट्टी, ढॅण् आवाज, शेवटचं हार्ट गेलं (चुकलं की एक जातं), आता थांबा नाहीतर पैसे भरा. का, तर मूव्हीच्या आधी 'अ' राहिला! अरे जपानीत 'अ', 'द' नाहीतच, आपल्याकडेही नाहीत, मग मी नापास नक्की कुठल्या भाषेत झालो?

कर्वेरोडकर:
रागावू नका, पण इंग्रजी चुकलंच की हो. आणि एकदा सैल सोडलं की सगळंच सुटतं. माझंच सांगते, लायब्ररीत आहे आणि लायब्ररीत अभ्यास करते, आपल्याला दोन्हीकडे 'त' पुरतो. तिकडे असायला 'तोशोकान नि', काही करायला 'तोशोकान दे'. मी सगळीकडे 'नि' लावत सुटायचे, क्लासच्या बाई हसून सोडून द्यायच्या. ॲपने दहादा लाल केलं तेव्हा कुठे डोक्यात बसलं.

अर्धवट_सेन्सेई:
ताई, 'नि' आणि 'दे'साठी दहा हार्ट घ्या, ते जपानीच आहे. माझं भांडण 'अ'शी आहे.

मुंगूस:
तुम्ही कडकपणाला रडताय, माझं उलटं झालं. वाक्य होतं पोट दुखतंय, दवाखान्यात जातो. दवाखाना म्हणजे ब्योइन, मी रोमनमध्ये टाइप करताना मध्ये एक 'आय' जास्त घातला आणि झालं बियोइन. ॲप म्हणे शाब्बास, फक्त टायपो आहे. अहो बियोइन म्हणजे ब्यूटी पार्लर!! पोट दुखतंय आणि निघालोय केस सेट करायला. तसंच ओबासान मावशी, ओबाआसान आजी, एका लांब 'आ'वर पिढी बदलते, आणि हे म्हणणार टायपो.

कोडकरी:
असली चेकिंग मी स्वतः लिहिलीय (तुमच्या ॲपची नाही, मारू नका), म्हणून सांगतो. बऱ्याच ठिकाणी आत अर्थबिर्थ कोणी बघत नाही, मान्य उत्तरांची यादी असते, तुमचं उत्तर त्यातल्या कुठल्याशी जुळतं का बघायचं, एखाद्या अक्षराचा फरक असला तर टायपो म्हणून सोडायचं. सिनेमावाल्या वाक्याचंच बघा, 'येस्टरडे' पुढे की शेवटी, सॉ की वॉच्ड, अ की द, मूव्ही की फिल्म, झाली १६. कर्ता गाळलाय म्हणजे आय, वुई, यू, ही, शी, दे सगळे चालायला हवेत, झाली ९६. एवढ्याशा वाक्याची! आर्टिकल काढून टाकून तुलना करणं फार अवघड नाही हो, पण असा कोर्स इंग्रजीत विचार करणाऱ्यासाठी बनतो, त्याच्या हातून 'अ' सुटतच नाही, त्यामुळे हा त्रास आहे हेच तिकडे कोणाला दिसत नाही.

नाशिकची_मिसळ:
एवढा जीव कशाला जाळताय, जेएलपीटीत एक वाक्य लिहावं लागत नाही, सगळं पर्यायातून निवडायचं. एनफाइव्हला १८० पैकी ८० आले की झालं, फक्त भाषा-वाचनाला वेगळे ३८ आणि लिसनिंगला वेगळे १९ लागतात तेवढं सांभाळा. ॲप सोडा, जुने पेपर घ्या.

कर्वेरोडकर:
आणि मग सर्टिफिकेट भिंतीवर, तोंडातून शब्द नाही. असे ढिगाने बघितलेत मी. मला तर कडक ॲपच हवं, फक्त का चुकलं ते सांगणारं. नुसती लाल पट्टी दाखवून काय कळणार, 'दे' का हवा ते मला शेवटी बाईंनाच विचारावं लागलं.

मुंगूस:
हे मात्र पटलं. पार्लरचं मला कोणी सांगितलं असेल? मैत्रिणीने. दोन दिवस हसत होती.

अर्धवट_सेन्सेई:
@कोडकरी ९६चा हिशोब बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली तू 'अ' लिहायला शिक, स्वस्तात पडेल. तरी 'माझं उत्तर बरोबर आहे' वालं बटण तीनदा दाबलंय. आज सकाळी तेच वाक्य परत आलं. 'अ' अगदी आठवणीने टाकला, आणि 'येस्टरडे' विसरलो. बोलू नका काही.