लाटेकच्या दस्तऐवजात ‘डेफ’ वापरणं बंद करावं का?

मूळ धागा
माझा प्रबंध लाटेकमध्ये, म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून पानं जुळवणाऱ्या प्रणालीत लिहिलाय. त्याच्या संदर्भसूचीत एका फ्रेंच लेखकाचं नाव चुकीचं छापलं गेलं. फ्रान्स्वा या नावात सीखाली शेपटी हवी, तिथे एक ठळक सी आणि त्याला चिकटून साधा सी. दोन संध्याकाळी सूचीची फाइल चाळली, ती निर्दोष होती. चूक प्रिअँबलमध्ये, म्हणजे मजकुराआधीच्या आज्ञांच्या भागात होती. एका सदिशासाठी मी बॅकस्लॅश-सी हा मॅक्रो, म्हणजे स्वतःची छोटी आज्ञा, डेफ या व्याख्या करणाऱ्या आज्ञेनं केला होता आणि लाटेक ती शेपटी नेमकी याच आज्ञेनं लावतं. डेफनं जुनी व्याख्या पुसली, साधी सूचनाही दिली नाही. तीच ओळ न्यूकमांडनं, म्हणजे नवी आज्ञा बनवायच्या लाटेकच्या आज्ञेनं लिहिली असती तर ‘ही आज्ञा आधीच आहे’ म्हणून काम तिथेच अडलं असतं. माझं मत ठाम आहे: नव्या नावाला न्यूकमांड, जाणूनबुजून बदलायचं तर रीन्यूकमांड. डेफ नकोच.

प्रतिसाद १
असहमत. एका अक्षराचं नाव घेतलंत, खरी चूक ती. डेफ ही टेकची, म्हणजे लाटेक जिच्यावर बांधलंय त्या प्रणालीची मूळ आज्ञा, न्यूकमांड तिच्यावरच उभी आहे. मला बिंदू (३,४) असा, गणितात लिहितात तसाच लिहायचा असतो. डेफमध्ये कंस आणि स्वल्पविराम हेच आर्ग्युमेंटच्या, म्हणजे आज्ञेला पुरवलेल्या मजकुराच्या सीमा ठरवतात. न्यूकमांड प्रत्येक आर्ग्युमेंट महिरपी कंसात मागतं. शंभर बिंदू लिहिताना हा फरक हाताला कळतो.

प्रतिसाद २
आणखी एक गोष्ट राहिली. साध्या डेफच्या आर्ग्युमेंटमध्ये परिच्छेद संपलेला चालत नाही, त्यामुळे बंद करायचा राहिलेला कंस त्याच परिच्छेदात पकडला जातो. न्यूकमांडला परिच्छेद चालतो, म्हणून ते पुढचा मजकूर गिळत जातं आणि कधी कधी फाइल संपल्यावर ओरडतं. तारांकित, म्हणजे नावापुढे * लावलेलं न्यूकमांड वापरा, हा त्रास जातो. तारा लावणारे फार कमी दिसतात.

प्रतिसाद ३
ऑक्टोबर २०२०पासून न्यूडॉक्युमेंटकमांड ही आज्ञा बनवायची नवी सोय लाटेकच्या गाभ्यातच आहे, तरी वाद अजून या दोघांतच! नाव आधीचं असेल तर तेही अडवतं. परिच्छेद चालेल की नाही, हे प्रत्येक आर्ग्युमेंटला वेगळं सांगता येतं. न्यूकमांडमध्ये ऐच्छिक आर्ग्युमेंट एकच आणि तेही पहिलं, इथे हवी तिथे ठेवा. गोल कंसातला बिंदूही घेता येतो, आतल्या स्वल्पविरामावर तोडायची सोय आहे.

प्रतिसाद १
सोय आहे, पण ती तोडणी मला एका ओळीच्या डेफपेक्षा अवघड वाटते. शिवाय एका पॅकेजच्या, म्हणजे लाटेकला जोडायच्या तयार आज्ञांच्या संचाच्या नव्या आवृत्तीत माझ्याच नावाची आज्ञा आली आणि न्यूकमांडमुळे जुना लेख कंपाइल होईना. डेफ असता तर चालला असता.

मूळ लेखिका
चालला असता, पण पॅकेजची आज्ञा पुसून. पॅकेज ती स्वतः आत कुठे वापरत असेल तर? माझ्या संदर्भसूचीचं तेच झालं. लेख अडला, तुम्ही नाव बदललंत, पाच मिनिटांत सुटलं असणार. बिंदूचं मात्र पटलं. तेवढ्यापुरता डेफ लिहीन, पण त्याआधी त्याच नावानं रिकामं न्यूकमांड लिहून नाव मोकळं आहे ना, हे तपासून घेईन.

प्रतिसाद १
हे मान्य. ती वरची ओळ मीही घालतो.