वहिनीने ३३व्या वर्षी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) घेतलं, घरच्यांनी नेमकी काय मदत करावी?

सावनेरची लेक
नमस्कार. माझी वहिनी ३३ ची आहे, आधी बुटीबोरीला एका कंपनीत अकाउंट्सला होती. आजीचं शेवटचं आजारपण तिनेच काढलं, तेव्हापासून नर्सिंग डोक्यात बसलं आणि यंदा नागपुरातच जीएनएमला अ‍ॅडमिशन घेतली. बारावी कॉमर्स, त्यात अ‍ॅनाटॉमी फिजिओलॉजी सगळं इंग्लिशमधून, वर्गातल्या पोरी १८-१९ च्या आणि हिला काकू म्हणतात. घरी ७ वर्षांचा मुलगा, दादाची शिफ्ट ड्यूटी. रात्री पुस्तक घेऊन बसते आणि तिथंच झोपून जाते. परवा रडून राहिली होती, सोडून देते म्हणे. आम्हाला तिने सोडू नये असं मनापासून वाटतं पण नुसतं "तू करशील गं" म्हणून काय होते, काही ठोस सांगा नं.

माजी ट्यूटर ताई
बाळा, पहिलं म्हणजे तिची हजेरी सांभाळा. थिअरीला ८० टक्के लागते आणि क्लिनिकलचे, म्हणजे वॉर्डातल्या ड्यूटीचे तास तर शेवटी १०० टक्के भरावेच लागतात, बुडालेली ड्यूटी नंतर भरून काढावी लागते. मोठ्या वयाच्या मुली इथंच मागे पडतात, अभ्यासात नाही. पोराला ताप आला, शाळेत मीटिंग आहे, पाहुणे आले की सुट्टी बाईनेच घ्यायची हे घरात ठरलेलंच असते. ते आधी बदला. पोराला ताप आला तर कोण थांबणार हे आजच ठरवून ठेवा.

दुसरं, ती अकाउंट्सची आहे ना, मग सलाइनच्या थेंबांचं गणित तिला देऊन पाहा. ५०० एमएल ८ तासांत द्यायचं, सलाइनची नळी (सेट) एमएलला २० थेंबांची, म्हणजे ५०० गुणिले २० भागिले ४८० मिनिटं, मिनिटाला साधारण २१ थेंब. यात भल्याभल्या पोरी अडकतात. तिने दोघीतिघींना हे शिकवावं आणि त्यांच्याकडून बायोलॉजी समजून घ्यावं. मी कितीतरी वर्गांत अशा जोड्या लावून दिल्या, खूप फरक पडतो. काकू म्हणणंही मग टोचत नाही.

हिंगण्याचा भौ
मी पण एमआयडीसी सोडून या लाइनीत आलो, आता स्टाफ नर्स आहे. कोणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगतो, वयाचा हिशोब आत्ताच करा. जीएनएम ३ वर्षांचं, म्हणजे पास होईपर्यंत वहिनी ३६ च्या. एम्सच्या नॉरसेटला (नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा) वय १८ ते ३०, आरक्षणात सूट आहे पण तरी ते धरून चालू नका. राज्य सरकारच्या भरतीत खुल्या वर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३, म्हणजे तिथं संधी आहे, फक्त पास झाल्याबरोबर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन करून घ्या, त्यात वेळ घालवू नका. पुढं २ वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची डिग्री) पण करता येते. हे तिला खरं खरं सांगा, अंधारात ठेवून हिंमत देणं मला पटत नाही.

रामटेककर
आमच्या घरी बायकोने केलं. दादाला म्हणा डबा आणि युनिफॉर्मची इस्त्री आपल्याकडे घे, आणि ती वॉर्डातून आली की पहिला अर्धा तास कोणी काहीच मागायचं नाही. बूट चांगले घेऊन द्या, दिवसभर उभं राहून पाय भरून येतात.

सावनेरची लेक
खूप खूप आभार सगळ्यांचे. थेंबांचं गणित कालच दिलं, तिने तोंडीच केलं! एक विचारायचं राहिलं, वॉर्डात तिला खूप भीती वाटते, पेशंटशी बोलायला अवघडते म्हणते.

माजी ट्यूटर ताई
तिथं तर तिचं वय कामी येते. म्हाताऱ्या पेशंटला तीन दिवस संडास झालेली नसते, पण १८ वर्षांच्या पोरीला सांगायला लाज वाटते, हिच्याजवळ बरोबर बोलेल. फक्त ऐकून सोडून देऊ नको म्हणा, लगेच वॉर्डच्या सिस्टरला सांगायचं आणि नोंद करायची. आणि गावठी दवा सुचवायची नाही, घरी आजीला काही दिलं असेल तरी.