नव्या गाडीची बॅटरी वारंवार उतरते. शोरूम म्हणते, दोष बाहेरच्या फिटिंगचा

प्रश्न : कोयनाकाठ (सातारा)

दसऱ्याच्या मुहूर्तावर आम्ही सुमारे बारा लाखांची पेट्रोल गाडी घेतली. रोजच्या वापरात तिची काहीच तक्रार नसते. मात्र चार-पाच दिवस ती उभी राहिली की बॅटरी पूर्ण उतरते, रिमोटला गाडी दाद देत नाही, आणि किल्लीने दार उघडून स्टार्टर मारला तर मीटरवरचे सगळे दिवे फडफडून विझतात. रात्री गाडी लॉक करून जवळ उभे राहिल्यास ग्लोव्ह बॉक्सच्या मागून रिले (करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) पडल्याचा टिक असा आवाज थांबून थांबून ऐकू येतो.

वर्कशॉपमध्ये नेली की बॅटरी चार्ज करून देतात आणि जॉब कार्डवर ‘तपासणीत दोष आढळला नाही’ एवढेच लिहितात. गेल्या खेपेस मात्र त्यांनी पवित्रा बदलला. डॅशकॅम आणि मागचा कॅमेरा ही बाहेरची फिटिंग असल्यामुळे इलेक्ट्रिकल भागांची वॉरंटी लागू होत नाही, असे तोंडी सांगण्यात आले. वस्तुतः ही दोन्ही उपकरणे त्याच शोरूमच्या अ‍ॅक्सेसरी काउंटरवर, गाडी आमच्या ताब्यात येण्यापूर्वीच बसवलेली आहेत. फक्त त्यांचे बिल शोरूमच्या नावाचे नसून दुसऱ्याच एका फर्मच्या नावाचे आहे.

सरळ गाडी बदलून मागावी, असे घरच्यांचे मत आहे. तशी मागणी टिकेल का, आणि ग्राहक आयोगाकडे जाण्यापूर्वी नेमके काय हाताशी असावे, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ : जुना वायरमन

मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. कायद्याचे वकील मंडळी सांगतील. मी गाडीपुरते बोलतो.

गाडी लॉक केल्यावर तिच्यातील कंट्रोल युनिट, म्हणजे वेगवेगळे भाग चालवणारे छोटे संगणक, एकामागून एक झोपी जातात. सगळी झोपायला काही गाड्यांत अर्धा-पाऊण तास लागतो. त्यानंतरही घड्याळ, अलार्म, रिमोटचा रिसीव्हर यांच्यासाठी थोडा करंट चालूच राहतो. तो साधारणपणे ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. त्या हिशेबाने दिवसाला एक-सव्वा अँपिअर-तास खर्च होतात, आणि लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी आठवडा-दोन आठवडे उभी राहूनही गाडी चालू करून देते. तुमची चार-पाच दिवसांत उतरते, याचा अर्थ गळती ३०० मिलिअँपिअरच्या घरात असावी, कारण त्या दराने दिवसाला सात अँपिअर-तासांहून जास्त जातात. थांबून थांबून येणारा टिक आवाज हेही एखादे युनिट झोपत नसल्याचे किंवा कोणीतरी त्याला पुन्हा पुन्हा उठवत असल्याचे लक्षण आहे.

आता भांडणाचा मुद्दा. डॅशकॅमला सप्लाय इग्निशनच्या फ्यूजवरून दिला असेल तर गाडी बंद झाली की तो बंद व्हायला हवा. पार्किंग मोडच्या (गाडी उभी असतानाही चित्रण चालू ठेवण्याच्या) नावाखाली थेट बॅटरीवरून दिला असेल तर तो रात्रभर करंट खातो. दोष गाडीचा की फिटिंगचा हे वाद घालून कधीच ठरणार नाही, मोजून मात्र एका दुपारी ठरते. गाडी लॉक करावी, तासभर थांबावे, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलवर डीसी क्लॅम्प मीटर (तार न तोडता तिच्याभोवती अडकवून करंट मोजणारे) लावून आकडा घ्यावा, मग दोन्ही कॅमेऱ्यांचे सप्लाय काढून हीच मोजणी पुन्हा करावी. बॉनेट उघडे ठेवावे लागते म्हणून त्याचे लॅच आधी स्क्रू ड्रायव्हरने बंद करून घ्यायचे, नाहीतर गाडी बॉनेट उघडे समजून जागीच राहते आणि आकडा फसवतो. ही मोजणी वर्कशॉपमध्येच, तुमच्या समोर व्हावी आणि दोन्ही आकडे जॉब कार्डवर चढावेत. बाहेरच्या मेकॅनिकला हार्नेसला (गाडीच्या वायरिंगच्या जुडग्याला) हात लावू देऊ नका. एक इन्सुलेशन टेप दिसली की वॉरंटीवाले तिच्याकडेच बोट दाखवणार.

आणखी एक. पूर्ण उतरून पुन्हा चार्ज केलेली बॅटरी दर वेळी थोडी मरत असते, म्हणून मूळ दोष सापडल्यावर बॅटरीही बदलून मागा. बॅटरीची वॉरंटी बरेचदा बॅटरी बनवणाऱ्या कंपनीची वेगळी असते. ते कार्ड शोधून ठेवा.

उत्तर २ : आयोगवारी

मी ग्राहक आयोगापुढे वकिली करतो. वरील उत्तरात सांगितलेली मोजणी हाच तुमच्या प्रकरणाचा कणा आहे, कारण ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये वस्तूतील दोष तपासणीशिवाय ठरवता येत नसेल तर कलम ३८ खाली आयोग ती प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, परंतु त्याची फी आधी तक्रारदाराला भरायला सांगितली जाऊ शकते आणि निकालही लांबतो. जॉब कार्डवर आकडे असतील तर हा फेरा बहुधा टळतो.

गाडी बदलून मागण्याबाबत थोडे सबुरीने घ्यावे. मारुती उद्योगविरुद्धच्या एका दाव्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले आहे की, वॉरंटीच्या अटीनुसार दोष असलेला भाग दुरुस्त करणे किंवा बदलून देणे ही उत्पादकाची जबाबदारी आहे आणि तेवढ्यावरून आख्खी गाडी बदलून देण्याचा आदेश देता येत नाही. म्हणून मुख्य मागणी ‘दोष शोधून कायमचा दूर करावा, बाधित भाग व बॅटरी बदलावी, झालेल्या खर्चाची व मनस्तापाची भरपाई द्यावी’ अशी ठेवावी, आणि वारंवार संधी देऊनही दोष दूर होत नसेल तर पर्यायी मागणी म्हणून गाडी बदलून देणे किंवा किंमत परत करणे मागावे. कलम ३९ मध्ये हे सर्व दिलासे आहेत.

तक्रारीत डीलर आणि उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. गोव्यातील एका ग्राहकाच्या प्रकरणात २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने, डीलर व उत्पादक यांचे नाते मालक आणि एजंट असे नसल्यास डीलरच्या चुकीसाठी उत्पादकाला आपोआप जबाबदार धरता येणार नाही, अशी भूमिका घेतली. दोष निर्मितीचा निघाला तर उत्पादक, फिटिंगचा निघाला तर विक्रेता. तुम्हाला आज कोण हे ठाऊक नाही, म्हणून कोणालाही वगळू नये.

कार्यपद्धती फार अवघड नाही. मोबदला, म्हणजे गाडीसाठी मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असल्याने प्रकरण जिल्हा आयोगाकडे जाईल, आणि शोरूम पुण्याचे असले तरी तुम्ही राहता त्या साताऱ्यातच तक्रार दाखल करता येते. दहा ते वीस लाखांच्या गटासाठी फी ४०० रुपये आहे आणि दाखल करण्याची सोय ऑनलाइनही आहे. मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची. वर्कशॉपशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती वाढते, असे गृहीत धरू नका.

उत्तर ३ : निफाडकर

दोन्ही उत्तरे योग्य आहेत, पण आयोगाच्या आधी एक पायरी आहे आणि ती अनेकजण वगळतात. शोरूमचा सर्व्हिस मॅनेजर स्वतःच्या अधिकारात हार्नेस किंवा कंट्रोल युनिट वॉरंटीतून सहसा मंजूर करत नाही. त्यासाठी कंपनीच्या विभागीय तांत्रिक अधिकाऱ्याची संमती लागते. आमच्या गाडीत पावसाळ्यात हेडलाइट आपोआप लागायचे, तेव्हा वर्कशॉपने महिनोन्‌महिने टोलवाटोलवी केली. कंपनीच्या ग्राहक कक्षाला ईमेल केला, त्यात चेसिस नंबर, प्रत्येक जॉब कार्डाचा क्रमांक आणि दिव्यांचा व्हिडिओ जोडला. त्यानंतर विभागीय अधिकारी स्वतः आले आणि कनेक्टरमध्ये पाणी शिरत असल्याचे निघाले. ईमेलमध्ये रागाचा एकही शब्द नव्हता, हे मुद्दाम सांगतो. समाजमाध्यमांवर शोरूमचे वाभाडे काढल्याने मनाचे समाधान होते, गाडीचे काही होत नाही.

जॉब कार्डवर सही करण्यापूर्वी आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहिली गेली आहे का, ते पाहा. ‘बॅटरी चेक’ आणि ‘चार दिवस उभी राहिल्यास गाडी चालू होत नाही, लॉक केल्यावर रिलेचा आवाज येतो’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. त्यांनी लिहून दिले नाही तर तुम्ही सहीशेजारी स्वतः लिहा आणि फोटो काढून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर, तक्रार नोंदवली तर कंपनीकडे ती वेगळ्या वाटेने पोहोचते. माझ्या मते ईमेलला उत्तर आले नाही तरच तिकडे जावे.

कोयनाकाठ :

सर्वांचे आभार. सोमवारी गाडी देताना समक्ष मोजणीची लेखी मागणी करतो आणि त्याची पोच घेतो. एकच शंका राहते. कॅमेरा काढल्यावर करंट खाली आला, तर बिल दुसऱ्या फर्मचे असल्यामुळे शोरूम हात वर करणार नाही का?

आयोगवारी :

करेल, म्हणून त्या फर्मलाही तिसरा विरुद्ध पक्ष करा. शोरूमच्या कोटेशनमध्ये किंवा ऑर्डर फॉर्ममध्ये अ‍ॅक्सेसरीची रक्कम दाखवली आहे का, पैसे कोणत्या खात्यात गेले आणि डिलिव्हरीच्या वेळच्या फोटोंत कॅमेरा बसवलेला दिसतो का, एवढे तपासून घ्या. यातील एखादा कागद जरी शोरूमचा निघाला, तरी फिटिंग बाहेरची होती हा त्यांचा बचाव टिकवणे त्यांना जड जाईल. कॅमेरा काढूनही आकडा खाली आला नाही, तर हा प्रश्नच उरत नाही.