प्रति: दीड मिनिटात विस्पंद कसे ऐकवायचे?
दीड मिनिटाच्या ऑडिओ भागात विस्पंद (जवळजवळ सारखे दोन स्वर एकत्र वाजले की होणारे आवाजाचे चढउतार) कसे ऐकवायचे, असं तुम्ही विचारलंत. ‘वाद्य सुरात लावणं आणि भौतिकशास्त्र’ हा विषय उत्तम, पण त्यासाठी लिहिलेली तुमची २२० शब्दांची संहिता कापायलाच हवी. ९० सेकंदांत निवांत वाचून १५०-१६० शब्द मावतात, आणि इथे किमान २० सेकंद नुसत्या आवाजाला द्यायचे आहेत. १२० शब्द पुरे.

व्याख्या आधी नको. ४४० हर्ट्झचा (सेकंदाला ४४० कंपनांचा) स्वर ४ सेकंद वाजू दे, मग त्यावर ४४२चा चढवा. आवाज सेकंदाला दोनदा फुगतो-ओसरतो, हेच विस्पंद. आता दुसरा स्वर हळूहळू ४४०वर आणा. फुगवटे लांबत जातात, मग थांबतात. तंतुवादक खुंटी पिळताना हेच ऐकत असतो, एवढं वाक्य त्यानंतर यावं, आधी नाही.

दोन्ही स्वर सारख्या पातळीवर एकाच ट्रॅकमध्ये मिसळा. पातळीत फरक असला की चढउतार उथळ होतो. एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवलात तर हेडफोनवर लाटांची बेरीजच होत नाही आणि परिणाम अगदी पुसट राहतो. ११० हर्ट्झचा खालचा स्वरही टाळा, फोनचा छोटा स्पीकर तो गिळून टाकतो. सगळ्यात जास्त घात कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार आपोआप कमी करणारं साधन) करतो: फुगवटेच सपाट! त्या तुकड्यापुरता तो बंद ठेवा, आणि खाली पार्श्वसंगीत अजिबात नको.