ऑपरेशन झालं, मग फिटची गोळी कशाला?
एकानं विचारलंय, भावाच्या मेंदूतला एव्हीएम (रक्तवाहिन्यांचा गुंता) ऑपरेशन करून काढलाय, मग गोळ्या अजून का? अहो, रक्तवाहिन्यांचा गुंता गेला तरी आसपास जुन्या रक्तस्रावाचे डाग आणि व्रण राहतात. फिट तिथूनही उठू शकते. लेव्हेटिरासिटॅम, म्हणजे ही फिटची गोळी, मनानं सोडली तर उलट जोरात फिट येऊ शकते. डोस कमी करायचा तो न्यूरोलॉजिस्टनं, हळूहळू. चिरफाड न करता गॅमा नाइफनं, म्हणजे किरणांनी उपचार केला असेल तर गुंता बंद व्हायलाच २-३ वर्षं जातात.

आपल्या सांगलीकडे खरी अडचण शेतीपंपाच्या रात्रीच्या लाइटची. जागरण म्हणजे फिटला आवतण, त्यात विहिरीचा काठ! उसाला पाणी पाजायला त्याला एकट्याला पाठवू नका. आणि फिट आल्यावर तो कांदा हुंगवणं बंद करा. कुशीवर वळवा, ५ मिनिटांवर गेली तर १०८ लावा.