शब्दचर्चा: ‘चल’, ‘अक्षर’, ‘मेमरी’, ‘बग’… गावात प्रोग्रामिंग शिकताना कोणता शब्द वापरायचा?

दारव्ह्याकडून

नमस्कार मंडळी. शेती सांभाळून संध्याकाळी प्रोग्रामिंग शिकून राह्यलो, नोकरीसाठी नाही, हौस म्हणून. जुन्या लॅपटॉपवर पायथन ही प्रोग्राम लिहायची भाषा आन खिडक्या-बटणं बनवायचं तिचं टीकेइंटर घेऊन कापूस वेचणीच्या मजुरीचा हिशोब ठेवणारा छोटा प्रोग्राम केला, कोणी किती किलो वेचला, भाव काय, उचल किती गेली अन् बाजाराच्या दिवशी हातात किती द्यायचे, बस एवढंच. आता तेच मोबाईलवर पाहिजे म्हणून मोबाईलचं ॲप बनवायचं ॲन्ड्रॉइड स्टुडिओ अन् त्यासाठीची कोटलिन भाषा सुरू केली. गल्लीतले पोट्टे बी येऊन बसतात, त्याईले शिकवता शिकवता मलाच जास्त समजते.

आता मुद्दा शब्दांचा. क्रियापदं आपोआप मराठी होऊन गेली, म्हणजे रन मारणे, बिल्ड मारणे, कोड चिपकवणे, एरर येणे, यात कोणाला काही अडचण नाही. नामं मात्र इंग्रजीच राहतात, व्हेरिएबल, फंक्शन, लूप, स्ट्रिंग, आन ते पोट्टे पाठ करतात पण आत काय चाललं ते त्याईले दिसत नाही. मराठी शब्द दिला तं कधी पटकन उजेड पडतो, कधी अजून गोंधळ होतो. तुमच्याकडे काय म्हणता, कुठं मराठी शब्द कामाचा ठरला अन् कुठं नाही, ते उदाहरणासकट सांगजा. नुसती पर्यायी शब्दांची यादी नको, तशा याद्या लय आहेत.

चिखलीकडून

मी गणित शिकवत होतो, निवृत्तीनंतर हे शिकायला घेतलं, त्यामुळे माझं उत्तर गणिताच्या बाजूने येईल. व्हेरिएबलला ‘चल’ आणि फंक्शनला ‘फलन’ हे शब्द गणितात आहेतच, आणि सुरुवातीला मीही तेच वापरावेत या मताचा होतो, पण ‘चल’ इथे पूर्ण बसत नाही. बीजगणितातला चल म्हणजे अजून न सापडलेली किंमत, समीकरण सोडवलं की ती सापडते आणि मग बदलत नाही. प्रोग्राममधल्या व्हेरिएबलमध्ये किंमत आधीच ठेवलेली असते आणि ती आपण हवी तेव्हा बदलतो. मुलांना मी ‘नाव दिलेली जागा’ असं सांगतो, आणि लिहिताना व्हेरिएबल लिहितो.

खरा घोटाळा मात्र शब्दाचा नाहीच, चिन्हाचा आहे. ही ओळ बघा:

एकूण = एकूण + वजन

दहावी झालेला मुलगा हे वाचून थांबतोच, कारण शाळेत आपण या चिन्हाला ‘बरोबर’ म्हणतो आणि एकूण बरोबर एकूण अधिक वजन हे वजन शून्य असल्याशिवाय खरं होऊच शकत नाही. त्याचं गणित पक्कं आहे म्हणून तो अडतो, हे शिकवणाऱ्याने ओळखलं पाहिजे. मी ती ओळ अशी वाचून घेतो, ‘आत्ताच्या एकूणमध्ये वजन मिळव, आणि जे येईल ते परत एकूणमध्ये ठेव’. आधी उजवी बाजू, मग डावी. ‘बरोबर’ हा शब्द जोडून लिहिलेल्या दोन बरोबरच्या चिन्हांसाठी (==) राखून ठेवायचा, आणि तोही प्रश्न म्हणून, ‘बरोबर आहे का?’. पास्कल भाषेत किंमत ठेवण्यासाठी चिन्हाआधी कोलन लावायचा, त्यामुळे तिथे दोन्ही चिन्हं दिसायलाच वेगळी होती, पण सी भाषेने एकच बरोबरचं चिन्ह ठेवण्यासाठी घेतलं आणि पुढे जावा, पायथन, कोटलिन सगळ्यांत तेच आलं.

उलट ‘संच’ हा शब्द बिनधास्त वापरा. पायथनचा सेट आणि नववीच्या गणितातला संच एकच वस्तू आहे, एक घटक एकदाच, क्रम नाही, छेद आणि संयोग दोन्ही करता येतात. वेचणीला सोमवारी आलेल्या आणि मंगळवारी आलेल्या मजुरांचे दोन संच केले की दोन्ही दिवस आलेले कोण हे एका चिन्हात निघतं, आणि मुलांना नवीन काहीच शिकवावं लागत नाही.

मोर्शीकडून

माझ्याजवळ लॅपटॉप नाही, मोबाईलवरच पायड्रॉइड (फोनवर पायथन चालवायचं ॲप) टाकून शिकून राह्यलो, कॉलेज झालं की संत्र्याच्या बगीच्यात बसून. दोन शब्द सांगतो जे गावात वेगळे आन इथं वेगळे हायेत.

एक म्हणजे मेमरी. गावात मेमरी म्हणजे फोटो-व्हिडिओ भरतात ते, ‘मेमरी फुल्ल झाली’. प्रोग्रामिंगमध्ये मेमरी म्हणजे बहुतेक वेळा रॅम, चालू कामापुरती जागा, ॲप बंद झालं की सफाचट. मायावाल्या मित्रानं फॉर्म बनवला, त्यात आकडे भरले अन् फोन आडवा केला तं सगळं गायब, तो म्हणे मेमरीत होतं नं, गेलं कुठं. ॲन्ड्रॉइडमध्ये फोन फिरवला की ती स्क्रीन मोडून परत नव्यानं उभी करतात, हे त्याला माहीतच नव्हतं. म्हणून आम्ही आता दोन वेगळे शब्द ठेवले, ‘ध्यानात ठेवणे’ म्हणजे रॅम, आन ‘लिहून ठेवणे’ म्हणजे फाइल नाही तं एस्क्यूलाइट (फोनमधला छोटा डेटाबेस). तेव्हापासून कोणाचा डेटा कुठं हाय हे विचारावं लागत नाही.

दुसरा प्रिंट. झेरॉक्सच्या दुकानातल्या मावशीले म्हटलं प्रिंट मारतो तं कागदच निघन. पायथनचा प्रिंट स्क्रीनवर दाखवते. आधीच्या काळात कॉम्प्युटरचं उत्तर टेलिटाइप नावाच्या टाइप मशीनवर खरंच कागदावर उमटे, तेव्हाचं नाव तसंच राह्यलं. लहान पोट्ट्याईले मी ‘दाखव’ म्हणून सांगतो.

वरोऱ्याकडून

मी ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र चालवते आणि केंद्रासाठीच शेतकऱ्यांच्या नावांची नोंद ठेवणारा प्रोग्राम स्वतः शिकून केलाय. मला ‘कॅरेक्टर’ या शब्दाबद्दल बोलायचंय कारण त्याला सगळे सर्रास ‘अक्षर’ म्हणतात आणि मराठी ॲप करणाऱ्याला हे भाषांतर सरळ खड्ड्यात नेतं.

क्षीरसागर हे आडनाव घ्या. आपण मोजतो क्षी, र, सा, ग, र, पाच अक्षरं. पायथनला लांबी विचारा, तो नऊ सांगतो, आणि तो चुकत नाहीये, कारण तो मोजतो क, हलन्त, ष, दीर्घ वेलांटी, र, स, काना, ग, र. हे व्याकरणातले वर्णही नव्हेत, कारण वर्ण मोजले तर ग मधला ‘अ’ वेगळा धरावा लागेल. हे युनिकोडचे, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, तुकडे आहेत. त्यामुळे नावाच्या रकान्यात ‘जास्तीत जास्त २० अक्षरं’ असं लिहून आत २० कॅरेक्टरची मर्यादा लावली तर जोडाक्षरवाल्या माणसाचं नाव मध्येच तुटतं, आणि लोकांच्या नावाचं तुटणं मला अजिबात चालत नाही, त्या कागदावर पुढे त्यांची कामं अडतात. म्हणून मी कॅरेक्टरला कॅरेक्टरच म्हणते, किंवा ‘तुकडा’.

आता दुसरं, हे तर आपल्याच भागाचं दुखणं. वरोरा म्हटलं तर ठीक, पण वरोऱ्याला म्हटलं की तो अर्धा र येतो. तो टाइप करायच्या दोन पद्धती आहेत. एकात ‘ऱ’ हे वेगळं चिन्ह घेऊन त्याला हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक न दिसणारा जोडक. शेतकऱ्याला आणि शेतकर्‍याला, दिसायला सारखेच, पण प्रोग्रामला दोन वेगळे शब्द. एकाने एका कीबोर्डवर भरलं, दुसऱ्याने दुसऱ्यावर शोधलं, तर नोंद असूनही ‘सापडले नाही’ येतं.

‘ॲप’ या शब्दाचंच बघा ना! ॲ हे स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक अ वर चंद्र देऊन लिहायचे आणि कितीतरी जण अजूनही तसंच लिहितात. या दोन रूपांना युनिकोड एकच मानत नाही, म्हणजे तयार नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एक करणारी सोय) चालवलं तरी ती एकत्र येत नाहीत, आपल्यालाच बदलून घ्यावी लागतात. मी साठवतानाच सगळं एका रूपात आणते आणि शोधतानाही तसंच करते, या कामाला माझ्या कोडमध्ये नाव दिलंय ‘सारखे_करा’. हे नाव मराठीतच का तर सहा महिन्यांनी उघडलं तरी काय करतं ते वाचून कळतं.

आणि क्रम! नुसतं सॉर्ट म्हटलं तर क्षीरसागर हे कोल्हे आणि खंडारे यांच्यामध्ये येऊन बसतात, कारण युनिकोडच्या हिशोबाने ते क मध्येच. आपल्या वर्णमालेत क्ष, ज्ञ शेवटी. लोक यादीत शेवटी जाऊन बघतात आणि नाव नाही म्हणून परत जातात. मराठीचे क्रमाचे नियम असलेला कोलेटर (क्रम ठरवणारं साधन) वापरला की हे सुटतं. ‘सॉर्ट’ ला मी ‘क्रम लावणे’ म्हणते, पण विचारते, कुणाचा क्रम?

दारव्ह्याकडून

ताई, तुमचं वाचून लगेच लॅपटॉप उघडला, हे सोनं हाय. पायथन ३ मध्ये व्हेरिएबलचं नाव मराठीत ठेवता येते म्हणून मी ‘एकूण’, ‘वजन’, ‘भाव’ असेच ठेवतो, ते चालते, पण तुम्ही म्हणता तो न दिसणारा जोडक नावात आला तं पायथन सरळ एरर देते, हे आत्ता करून पाह्यलं. ऱ वालं रूप चालते. पोट्ट्याईचा कीबोर्ड कोणता ते उद्याच तपासतो. आकड्यांचं एक चांगलं हाय, वजनाच्या रकान्यात कोणी ‘४५’ मराठीत भरलं तरी पायथन त्याचा पूर्णांक नीट करते, ते वेगळं बदलून द्यावं लागत नाही, फक्त कोडमध्ये आकडा लिहिताना इंग्रजी अंकच पाहिजे.

मी पण एक जोडतो, ‘हँग’. गावात ॲप कसंबी बिघडलं तं ‘हँग झालं’ म्हणतात. पण करणाऱ्यासाठी तीन वेगळ्या गोष्टी हायेत अन् तिन्हीचं औषध वेगळं. ‘अटकलं’ म्हणजे बोट लावलं तरी हालत नाही, यात बहुतेक वेळा मोठं काम मुख्य थ्रेडवर, म्हणजे स्क्रीन सांभाळणाऱ्या कामाच्या रांगेतच, टाकलेलं असते, ॲन्ड्रॉइड ५ सेकंद वाट पाहून मग ‘प्रतिसाद देत नाही’ म्हणते. ‘बंद पडलं’ म्हणजे ॲप उडून होम स्क्रीन आली, तिथं एररची ओळ लॉगमध्ये (ॲपच्या नोंदवहीत) मिळते. अन् ‘चुकीचं दाखवते’ म्हणजे चालू हाय पण हिशोब गलत, हे सगळ्यात वाईट कारण मजुराच्या पैशाचा प्रश्न हाय. वापरणाऱ्या बायांना मी हे तीन शब्द सांगून ठेवले, फोनवर त्याईनं ‘अटकलं’ म्हटलं की अर्धा शोध तिथंच संपते. यासाठी इंग्रजी शब्द पाहिजेच कशाला?

मोर्शीकडून

मंग बगले, म्हणजे प्रोग्राममधल्या दोषाले, काय म्हणता? आमच्याइकडे पोट्टे ‘अळी लागली’ म्हणतात.

चिखलीकडून

अळी हा शब्द तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. १९४७ च्या ९ सप्टेंबरला हार्वर्डच्या मार्क २ या संगणकाच्या रिलेमध्ये (विजेच्या स्विचमध्ये) खरोखरचा पतंग अडकलेला सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला, ही गोष्ट संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर यांनी पुढे खूप सांगितली. कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचाही पुढे पतंगच होतो, त्याच्याचसाठी आपण कामगंध सापळे लावतो. फक्त ‘बग हा शब्द तिथून आला’ असं सांगू नका, यंत्रातल्या दोषाला बग म्हणणं त्याच्या कितीतरी आधीचं, एडिसनच्या १८७८ च्या पत्रातही ते आहे.

बोलताना ‘अळी’ म्हणा, छान आहे. पण लिहून विचारताना ‘बग’ च लिहा, कारण उत्तर शोधायला जाल तेव्हा त्याच शब्दाने सापडेल, आणि ज्याने एरर बघितली तो कपाशीच्या गावचा असेलच असं नाही. ‘चूक’ मात्र टाळा. मुलाच्या प्रोग्राममध्ये ‘तुझी चूक आहे’ म्हटलं की तो दाखवायला आणणं बंद करतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय.

वरोऱ्याकडून

सरांचं हे शेवटचं अगदी पटलं, मी ‘इथे अडतंय’ म्हणते.

दारव्ह्याकडून

अजून एक शब्द पाहिजे होता, ‘टेस्टर’. प्ले स्टोअरवर ॲप टाकायचा विचार हाय, खात्याचे एकदाच २५ डॉलर लागतात ते ठीक, पण वैयक्तिक खातं नवीन असलं तं आधी १२ टेस्टरनी सलग १४ दिवस त्या चाचणीत राहावं लागते. गावात कोणाला ‘टेस्टर हो’ म्हटलं तं तो म्हणते मले कॉम्प्युटर येत नाही, अन् ‘चाचणीकर्ता’ म्हटलं तं परीक्षाच वाटते. मी ‘वापरून पाहणारे’ म्हणून विचारतो, मंग बाया, म्हातारे सगळे तयार होतात अन् तेच खरे कामाचे, कारण बोट कुठं चुकते ते त्याईच्यामुळंच दिसते. इथं कोणाचा ॲन्ड्रॉइड फोन असन अन् चौदा दिवस वेचणीचं ॲप वापरून पाहायची तयारी असन तं सांगजा, वरोऱ्याच्या ताईचा कीबोर्ड तं पाहिजेच.

वरोऱ्याकडून

माझे दोन फोन धरा दादा, दोन्हीवर कीबोर्ड वेगळे आहेत. आणि नावाच्या रकान्यावरची मर्यादा आधी काढून टाका.