प्रतिसाद: नवाईची प्रस्तावना गाळू नका

जुन्या काव्यांची प्रस्तावना म्हणजे ठरावीक स्तुती, ती सोडून थेट कथेकडे वळावं, हे मत मला अजिबात पटलं नाही. पंधराव्या शतकातला मध्य आशियाई कवी अलीशेर नवाई याचं 'हैरत उल-अबरार' (1483) हे दीर्घकाव्य घ्या. बिस्मिल्लाह हीच पहिली ओळ, आणि दुसरीत तो म्हणतो की धाग्यात अनमोल मोती ओवले. काय सुरुवात आहे! पुढे ईशस्तवन, प्रार्थना, पैगंबरस्तुती हा रिवाज आहेच. पण मग निजामी, दिल्लीचा अमीर खुसरो आणि हेरातमधला (आजच्या अफगाणिस्तानातला) नवाईचा गुरू जामी यांना वंदन येतं. हे तिघेही फारसीचे कवी. त्यांच्या पंगतीत नवाई चगताई तुर्की, म्हणजे तेव्हाची मध्य आशियातली तुर्की साहित्यभाषा, घेऊन बसतोय, तेही पाच महाकाव्यांच्या 'खम्सा'च्या पहिल्याच काव्यात. तुर्कीही फारसीच्या तोडीची आहे, हा त्याचा सगळा दावा त्या प्रस्तावनेतच मांडलेला आहे.